न घटणारे तेल

आमच्या घरात तीस वर्षांपासून ट्रक आहे. अब्बांच्या नंतर स्टेअरिंग भाईजानच्या हाती गेले आणि खडू आमच्या. बी.एड. करून आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवू लागलो. मग गाडीशी आमचा संबंध उरला तो एवढाच, की जुमाच्या दिवशी भाईजान गाडी धूत असतील तर पाण्याची बादली पुढे करायची. इंजिनातले आम्हाला काही कळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही हा लेख इंजिनाविषयी आहे. बीड जिल्ह्यात ज्यांच्या घरी ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे, अशा अनेक घरांत हे मासिक वाचले जाते. आमच्यावर आलेली वेळ त्यांच्यावरही येऊ शकते, म्हणून लिहीत आहोत.

दसऱ्याला पंधरा-वीस दिवस उरले असतील. भाईजान बीडहून खताचा माल भरून मांजरसुंब्याचा घाट चढून आले आणि चौकात चहासाठी थांबले. इंजिन चालूच होते. सहज डॅशबोर्डकडे नजर गेली, तर ऑइल प्रेशरचा काटा शून्याला टेकलेला आणि खालचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी लगेच चावी फिरवून इंजिन बंद केले. अर्ध्या तासाने इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू केले, तर काटा बऱ्यापैकी वर. गाडी पळताना आणखी वर. नेकनूरला घरी आल्यावर अंगणात इंजिन चालू ठेवले, तर पाच मिनिटांत काटा पुन्हा खाली आला.

दुसऱ्या दिवशी बीडच्या एका गॅरेजवर गाडी दाखवली. मिस्त्रीने बॉनेट उघडले, आवाज ऐकला, किलोमीटर विचारले. साडेआठ लाख. त्याने पाने खाली ठेवले आणि म्हणाला, "इंजिन संपलं. उतरवावं लागेल. क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, ऑइल पंप, सगळं. एक लाख साठ हजार धरून चला." हत्यार म्हणून त्याने कान सोडून दुसरे काहीच वापरले नव्हते.

बाहेर पडताना स्पेअर पार्टच्या दुकानापाशी एका ओळखीच्या गाडीवाल्याने दुसरा उपाय सांगितला. "जाड तेल टाक. वर हे दोन डबे ओत. काटा उभा राहतो. सीझन काढ आणि मार्चमध्ये फुकून टाक." भाईजान ते दोन डबे घेऊनच घरी आले.

भाईजानची अडचण आम्हाला दिसत होती. आमचा जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी जमवतो, उचल वाटतो. ती उचल वाहतूकदाराच्या करारावर कारखान्याकडून आलेली असते. भाईजाननी करार केला होता. उचल टोळीत वाटली गेली होती. गाडी निघाली नाही तर ते पैसे भाईजानच्या अंगावर. घरात रोकड म्हणावी तर अम्मीच्या उमऱ्यासाठी आम्ही दोघा भावांनी चार वर्षांत जमवलेली रक्कम, आणि तीही दीड लाखाच्या जवळपास. हे अम्मीला कळले होते. ती एवढेच म्हणाली, "पैसे घरातच आहेत ना? मग कशाला काळजी करता?" हे ऐकल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू शकलो नाही.

आम्हीही त्या रात्री डब्यांच्या बाजूने होतो, हे कबूल करायला हवे. एक सीझन निघाला तर निघाला, असे आम्हालाही वाटले.

सकाळी शाळेत आठवीतला एक मुलगा हजेरीनंतर टेबलापाशी आला. दरवर्षी या दिवसांत अशी मुले येतात. शाळेचे हंगामी वसतिगृह असते, गावात थांबणाऱ्या मुलांची सोय होते, पण धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसले की थोरल्याला आई-वडिलांबरोबर जावेच लागते. तो म्हणाला, "सर, जातो. उन्हाळ्यात येईन." पुढे हसून म्हणाला, "तुमच्या भाईजानच्याच गाडीत हाय आम्ही."

त्या तासाला आम्ही काय शिकवले ते आठवत नाही. ट्रकच्या हौद्यात भांडी, पेंढ्या, शेळ्या, त्यांवर पंधरा-वीस कुटुंबे आणि त्यांत हा मुलगा धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेला, हेच डोळ्यांपुढे होते. चालत्या गाडीचे तेल तुटले तर बेअरिंग क्रँकला चिकटतात आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच फिरतो. म्हणजे रात्री उतारावर इंजिन बंद पडले तर टाकीत जेवढी हवा शिल्लक असेल तेवढाच ब्रेक. हे आम्हाला भाईजाननीच कधीतरी सांगितले होते.

घरी येऊन आम्ही मुलाचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. मग डबे उचलून माळ्यावर ठेवले आणि म्हणाले, "चल, उस्तादकडे जाऊ."

उस्ताद म्हणजे अब्बांच्या वेळचे मिस्त्री. आता त्यांचे गॅरेज नाही. गुडघे धरतात, घरासमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकायच्या आधी भाईजानना विचारले, "शेवटचे तेल कधी वाढवले?"

भाईजान अभिमानाने म्हणाले, "वाढवायची गरजच पडत नाही, उस्ताद. बदलल्यापासून एक थेंब कमी नाही. अब्बांच्या हातची बरकत आहे या गाडीला."

उस्ताद हसले नाहीत. म्हणाले, "साडेआठ लाख चाललेलं इंजिन थोडंतरी तेल पितं बेटा. जे पीत नाही, त्याच्या चेंबरमध्ये दुसरं काहीतरी येतंय."

त्यांनी पट्टी ओढायला लावली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. कोणी वाढवले नव्हते, तरी वर. पट्टीचा थेंब त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला. काळा ठिपका मध्ये राहिला आणि त्याभोवती पातळ तेलकट कडे पसरत गेले. मग बोट नाकाशी नेले आणि आमच्याही नाकाशी धरले. डिझेलचा वास आम्हालाही कळला.

भाईजानचा चेहरा उतरला. ज्याला चार-पाच महिने ते बरकत समजत होते, तो आजार होता.

पण उस्ताद तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "एक कारण सापडलं म्हणजे दुसरं नाही असं होत नाही. आधी काट्याला विचारू, मग इंजिनाला." त्यांच्या पेटीत एक जुने घड्याळी गेज होते, त्याला रबरी नळी. डॅशबोर्डचा काटा हा विजेवर चालतो. इंजिनावर बसवलेला सेन्सर जुना झाला, वायर गंजली, अर्थिंग ढिले झाले, तरी काटा पडतो आणि इंजिन बिचारे ठीक असते. म्हणून सेन्सर काढून त्याच छिद्रात नळी लावायची आणि तेलाचा दाब थेट गेजवर पाहायचा. तेही इंजिन पुरते तापल्यावर, कारण थंड तेल घट्ट असते आणि कोणालाही चांगला दाब दाखवते. आम्ही मांजरसुंब्यापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर मंद चालीवर गेजने ०.४ किलो दाखवले, त्याच वेळी डॅशबोर्ड शून्य म्हणत होता. इंजिन थोडे रेटले, दीड हजार फेऱ्यांना, तर १.६ किलो.

"काटा अर्धं खोटं बोलतो," उस्ताद म्हणाले. "म्हणजे अर्धं खरंही बोलतो."

त्यांचा ठोकताळा असा, की दर हजार फेऱ्यांमागे साधारण दहा पौंड, म्हणजे ०.७ किलो दाब असेल तर इंजिनाच्या जीवाला धोका नाही. खरी मर्यादा प्रत्येक इंजिनाच्या कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते, तीच पाहावी. आमचे इंजिन काठावर होते.

मग त्यांनी आम्हाला समजावले. आम्ही मास्तर आहोत म्हणून जरा सावकाश समजावले असेल. शेतात ठिबकची नळी असते. मोटार तीच, पाणी तेच. नळीला चार ठिकाणी उंदराने कुरतडले, तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. मोटारीत काही बिघाड नाही, गळती वाढली म्हणून दाब घसरला. इंजिनातही पंप तेल ढकलतो आणि ते प्रत्येक बेअरिंगच्या फटीतून बाहेर पडते. फट झिजून मोठी झाली की तेल लवकर निसटते आणि दाब पडतो. पण तेलच पातळ झाले असेल, तर फट नवीन इंजिनासारखी असली तरी ते लवकर निसटते. झिजलेले बेअरिंग आणि पातळ तेल, दोन्हींची लक्षणे सारखीच: थंड असताना ठीक, तापल्यावर मंद चालीत दाब नाही, रेस दिली की पुन्हा वर. बीडच्या मिस्त्रीने लक्षण बरोबर ओळखले होते. मात्र दोन कारणांपैकी एक लाख साठ हजारांचे कारण आधी निवडले होते.

बाकीच्या बिघाडांची चाल वेगळी असते. पंपाजवळ एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या. दाब जास्त झाला तर तो उघडून तेल परत सोडतो. त्यात कचरा अडकून तो उघडाच राहिला, तर रेस दिली तरी दाब म्हणावा तसा चढत नाही. चेंबरमधली जाळी गाळाने भरली किंवा तेल ओढणाऱ्या नळीला चीर गेली, तर पंप हवा ओढतो, काटा थरथरतो आणि जोरात चालवताना दाब घसरतो. आमच्या गेजवर यातले काही दिसले नाही.

बीडहून मांजरसुंब्याकडे येताना खजाना विहीर लागते. मुर्तजा निजामशाहाच्या काळात, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने बांधलेली. तिचे पाणी भुयारातून आपोआप शेतांकडे वाहते, मोट नाही, मोटार नाही. शेवटच्या शेतात पाणी आले नाही म्हणून शहाणा माणूस आधी विहीर खोदायला घेणार नाही. आधी बांध पाहील, पाट पाहील, मग भुयाराचे तोंड, आणि सर्वांत शेवटी विहीर. उस्तादांची रीत तीच होती. फुकटचे आधी, स्वस्ताचे नंतर, महागाचे शेवटी.

डिझेल येत कुठून होते? जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाला वंगण म्हणून इंजिनाचेच तेल फिरते. पंपातले एलिमेंट झिजले की डिझेल खाली झिरपते आणि त्या तेलाबरोबर चेंबरमध्ये येते. पंप काढून पंप-नोझलवाल्याकडे नेला. त्याने मशीनवर लावून तेच सांगितले. एलिमेंट बदलले, नोझल तपासले, त्यातले दोन गळत होते. जुने तेल पूर्ण काढून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच नवे तेल भरले, जाड नव्हे. फिल्टरही नवा. इंजिन तापवून पुन्हा तेच गेज लावले. मंद चालीवर ०.९, दीड हजारांना २.६.

भाईजाननी "अलहम्दुलिल्लाह" म्हणून पाना खाली ठेवला. उस्ताद म्हणाले, "पाना उचल. चेंबर खोलायचं आहे."

आता कशाला, असे आम्हालाही वाटले. त्यांचे म्हणणे असे, की चार-पाच महिने ही बेअरिंग डिझेलमिश्रित तेलावर चालली आहेत. दाब आला म्हणजे झालेली इजा भरून निघत नाही. त्यांनी आधी जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. उन्हात धरल्यावर त्यात बारीक चमकणारे कण दिसले. लोहचुंबक फिरवले तर चिकटले नाहीत, म्हणजे लोखंड नव्हे, बेअरिंगचाच धातू. चेंबर उतरवले. जाळीवर काळा गाळ होता, तो धुतला. मग एकेक टोपी सोडून बेअरिंगचे शेल पाहिले. शेलचा वरचा थर राखाडी असतो आणि त्याखाली तांब्याचा रंग. दोन शेलांवर तो तांबूस रंग डोकावू लागला होता. क्रँकवर मात्र ओरखडा नव्हता. प्लास्टिकचा एक मेणासारखा बारीक धागा क्रँक आणि शेलमध्ये ठेवून टोपी ठरल्या जोराने आवळायची, पुन्हा सोडायची, आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर मोजायचे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला हिशोब. क्रँक मर्यादेत होता. ग्राइंडिंगची गरज नव्हती. इंजिन न उतरवता खालूनच सगळे शेल बदलले.

एकंदर खर्च चौतीस हजार. अम्मीच्या रकमेला हात लावावा लागला नाही. भाईजानची बचत आणि आमचा एक पगार यांत भागले.

याची किंमत वेगळीच द्यावी लागली. गाडी सहा दिवस उभी राहिली. मुकादम संतापला, अर्धी टोळी त्याने दुसऱ्या गाडीने पाठवली. त्या फेरीचे भाडे गेले आणि कारखान्यावर पहिल्या आठवड्याचा ऊस दुसऱ्याने वाहिला. तो मुलगा आमच्याच गाडीने गेला. भाईजाननी त्याला आणि त्याच्या बहिणीला हौद्यात बसू दिले नाही, केबिनमध्ये घेतले. उन्हाळ्यात तो परत आला, पण अभ्यासात बराच मागे पडला होता. ते दुखणे कोणत्या गेजवर मोजायचे, हे आम्ही बावीस वर्षे शिकवूनही सांगू शकत नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून छिद्र पाडले. आस फिरू लागला, तर तेल आत जाण्याऐवजी छिद्रातून वरच येऊ लागले. त्यांनी बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. दाबमापक लावला, तर दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब. म्हणजे फिरणारा आस धातूवर टेकलेलाच नव्हता, स्वतःच ओढून घेतलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. आमच्या ट्रकचे सगळे वजन ओढणारा क्रँकही तसाच तरंगतो. पंपाचे काम त्या थराला तेल पुरवत राहण्याचे. तेलात डिझेल मिसळले की तो थर विरळ होतो आणि धातू धातूला लागतो. जाड तेलाचे डबे काटा उभा करतात खरे, पण डिझेलची गळती थांबवत नाहीत. शिवाय थंड इंजिनात घट्ट तेल वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लावते. आपण गाडीला औषध दिले असे वाटते, प्रत्यक्षात फक्त थर्मामीटर पुसलेला असतो.

पुढे दोन वर्षांनी भाईजाननी ती गाडी विकली. गेवराईकडचे गिऱ्हाईक होते. सौदा ठरत आला तेव्हा भाईजाननी स्वतःहून सांगितले की डिझेल पंप झाला आहे, शेल बदलले आहेत, दाब इतका आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवली होती, ती हकीकत आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. ती आठवणे सोपे असते. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना तोंड उघडणे अवघड. गिऱ्हाइकाने लगेच वीस हजार कमी केले. रात्री भाईजान जेवताना गप्प होते. आम्ही विचारले, तर म्हणाले, "वीस हजार म्हणजे वीस हजारच रे, वाईट वाटणारच."

गाडीबरोबर त्यांनी एक वहीही दिली. उस्तादांकडून आल्यावर आम्हीच ती आखून दिली होती, हजेरीपटासारखी. तारीख, किलोमीटर, पट्टीवर तेल किती, गरम इंजिनाचा दाब किती, तेल किती वाढवले. आम्हाला इंजिनातले एवढेच जमले. पण त्या वहीमुळे त्यानंतर गाडीची प्रकृती बिघडण्याआधी समजत असे. एक मुलगा एका पेपरात नापास झाला तर त्यावरून फारसे कळत नाही. वर्षभराचे गुण समोर ठेवले की घसरण कधी सुरू झाली ते दिसते.

आता विनंती. आपल्या घरी गाडी असेल आणि लाल दिवा लुकलुकला, तर इंजिन तत्काळ बंद करा, घर जवळ आहे म्हणून रेटू नका. पट्टी पाहा. दाब खऱ्या गेजवर मोजायला लावा. तेल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजा. त्यानंतरही मिस्त्री इंजिन उतरवायला सांगत असेल तर काय मोजले ते त्याला विचारा. कदाचित तो बरोबरही असेल. साडेआठ लाख किलोमीटर ही काही थोडी वाट नाही.

आणि गाडीला काहीच झालेले नसेल तरी उद्या फजरनंतर, इंजिन थंड असताना, सपाट जागी पट्टी ओढून पाहा. तेल कमी असेल तर भरा. महिनोन्महिने जराही कमी होत नसेल, तर खूश होण्याआधी एकदा वास घ्या.